दुकानातला हिशेब आणि वहीतले गणित

व्यापारी घरांत मुलांच्या बुद्धीविषयी दोन निर्णय फार लवकर दिले जातात. एक मुलगा सुट्टीत दुकानात बसतो, गिऱ्हाइकाला चटकन रक्कम सांगतो, सुटे पैसे अचूक परत करतो. पण प्रगतिपुस्तकात त्याचे गणिताचे गुण जेमतेम काठावरचे असतात. वडीलधारी म्हणतात, याचे डोके धंद्यात चालते, याला अधिक शिकवून काय उपयोग? दुसरा मुलगा परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. पण दिवाळीच्या गर्दीत गल्ल्यावर बसवला की गोंधळून जातो. त्याच्याविषयी म्हटले जाते, हा पुस्तकातला किडा, व्यवहार याला जमायचा नाही. या दोन वाक्यांवर कित्येकदा मुलांचे पुढील आयुष्य ठरते. पहिल्याचे शिक्षण अर्ध्यावर थांबते आणि दुसऱ्याला दुकानाची पायरीही चढू दिली जात नाही.

मुले कशी शिकतात याविषयी गेल्या चार दशकांत जे संशोधन झाले, त्याच्या प्रकाशात हे दोन्ही निर्णय पुन्हा तपासून पाहणे आवश्यक ठरते.

रेसिफेचा नारळविक्रेता

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी बाजारात माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले अवघी पाच होती, वय ९ ते १५ वर्षे. संशोधक ग्राहक म्हणून त्यांच्याकडे जात आणि खरेदी करता करता हिशेब विचारत.

एका बारा वर्षांच्या मुलाकडे नारळ ३५ क्रुझेरोला एक होता. चार नारळांचे किती, असे विचारताच त्याने तोंडी मांडणी केली. तीन नारळांचे १०५, त्यात ३० मिळवले की १३५, आणि शेवटी उत्तर दिले १४०. काही दिवसांनी त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ हे उदाहरण दिले गेले. तो म्हणू लागला, चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. कागदावर त्याने उत्तर लिहिले २००. चार नारळांचे दोनशे मागणारा विक्रेता बाजारात टिकला नसता, हे त्या मुलाला पक्के ठाऊक होते. पण कागदावरील आकड्यांमागे त्याला नारळ दिसले नाहीत.

एकूण निकालही असाच होता. बाजारात विचारलेल्या ६३ प्रश्नांपैकी सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशाच आकड्यांची शाब्दिक उदाहरणे घातली तेव्हा हे प्रमाण ७४ टक्क्यांवर आले आणि नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्क्यांवर. मूल तेच, आकडे तसेच; बदलली होती ती केवळ जागा आणि रीत.

कोलकाता आणि दिल्लीचे बाजार

पाच मुलांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप योग्यच होता. त्याचे सविस्तर उत्तर भारतातून मिळाले. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो, बालमानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणारी १,४३६ मुले आणि जवळच्या शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेली ४७१ मुले त्यात होती.

येथेही संशोधक ग्राहक म्हणून गेले आणि मुद्दाम अडनिड वजनाचा माल मागू लागले. समजा, २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे आणि हातात दोनशेची नोट. सोळा आणि एकवीस मिळून सदतीस. परत द्यायचे एकशे त्रेसष्ट. असे हिशेब बाजारातील बहुसंख्य मुले कागदाविना अचूक करत होती. पाठांतर, इतरांची मदत किंवा ओळखीच्या वातावरणातील निर्धास्तपणा यांपैकी कशानेही या यशाचा उलगडा होत नाही, हेही संशोधकांनी तपासून पाहिले. तरीही तितक्याच किंवा त्याहून सोप्या अवघडपणाची उदाहरणे शालेय पद्धतीने मांडली की तीच मुले अडखळत होती.

शाळकरी मुलांचे चित्र नेमके उलटे होते. वहीतील साधी उदाहरणे त्यांना अधिक चांगली जमत. मात्र बाजारातील एक व्यावहारिक हिशेब, जो काम करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवला, तो त्यांच्यापैकी केवळ १ टक्का मुलांना सोडवता आला. त्यांच्या लेखी पद्धती अतिशय वेळखाऊ होत्या आणि एकाहून अधिक क्रिया एकत्र गुंफणे त्यांना साधत नव्हते.

म्हणजे बाजारातील मूल ‘ढ’ नव्हते आणि शाळेतील मूलही मंद नव्हते. दोघांच्या ज्ञानाचा निम्मा भाग एकमेकांशी जोडलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत

ही फट केव्हापासून पडते? याचे एक उत्तर दिल्लीच्याच २१४ बालवाड्यांत मिळते. तेथील १,५४० मुलांवरील प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आसपासच्या या मुलांपैकी काहींना संख्या आणि आकार यांचे खेळ खेळायला दिले. कमी-अधिक ओळखण्याची, आकारांतील भेद टिपण्याची त्यांची स्वाभाविक जाण वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकून राहिली. पण पहिलीत गेल्यावर अंक व चिन्हांचे जे गणित शिकवले जाते, त्यात ही मुले इतरांच्या पुढे गेलेली आढळली नाहीत. खेळातून आलेली जाण चिन्हांपर्यंत आपोआप पोहोचली नाही.

मोठेपणी हा प्रश्न सुटतो, असेही नाही. अमेरिकेतील मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० ते १९८३ या काळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग या दृष्टीने बोलके आहेत. विद्यार्थ्यांना एक कोडे घातले गेले. रुग्णाच्या पोटात गाठ आहे. तीव्र किरणांनी ती नष्ट होईल, पण वाटेतील निरोगी भागही जळेल. सौम्य किरणांनी गाठ जाणार नाही. तर उपाय काय? उत्तर असे की, अनेक दिशांनी सौम्य किरण सोडावेत आणि ते गाठीवर एकत्र यावेत. हे स्वतःहून सुचणारे विद्यार्थी साधारण १० टक्के निघाले. काहींना आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटांवर सुरुंग होते, म्हणून त्याने सैन्याच्या लहान तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी धाडून एकाच वेळी हल्ला केला. उपाय गोष्टीत समोरच होता, तरी सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांनाच तो कोड्यात वापरता आला. ‘मघाची गोष्ट आठवून पाहा’ एवढे सुचवताच मात्र सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थ्यांना उत्तर सापडले.

ज्ञान डोक्यात होते. ते योग्य वेळी पुढे येत नव्हते. आणखी एक महत्त्वाची गोष्ट याच प्रयोगमालेत दिसली. दोन वेगवेगळ्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांतील साम्य शोधायला लावले, की विद्यार्थी तेच तत्त्व नव्या ठिकाणी अधिक सहजतेने वापरू लागले.

पावकी-निमकीची शिकवण

मराठी मुलखातील जुन्या पिढ्यांना ही जोडणी अपरिचित नव्हती. पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावशेर, अर्धा शेर, सव्वा मण अशा मापांत आणि रुपये-आणे-पैशांत रोजचा व्यवहार चालत असल्यामुळे सकाळी घोकलेला पाढा संध्याकाळी पेढीवर उपयोगी पडे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि हे पाढे शाळांतून हळूहळू मागे पडले. दशमान पद्धतीची सोय निर्विवाद आहे. परंतु शाळा आणि दुकान यांना बांधणारा एक धागा त्याबरोबर सैल झाला, हेही खरे.

घरात काय करता येईल?

या संशोधनाचा अर्थ मुलांना कामाला जुंपावे असा मुळीच नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याची बंदी आहे. घरच्या, धोका नसलेल्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्यापुरतीच सवलत आहे. व्यापारी घरांना लाभलेली संधी वेगळी आहे. त्यांच्याकडे दुकान आणि शाळा दोन्ही आहेत. जोडणी तेवढी करायची आहे.

मुलाने तोंडी हिशेब केला की तो कसा केला हे त्याला शांतपणे विचारावे आणि तीच रीत वहीत आकड्यांनी लिहायला सांगावे. तीन नारळांचे १०५ आणि एकाचे ३५, ही तोंडी फोड म्हणजेच वहीतील गुणाकाराचा गाभा आहे, हे एकदा डोळ्यांना दिसले की हातच्याची भीती ओसरते. याच्या उलट, गृहपाठातील शेकडेवारी किंवा अपूर्णांकाचे उदाहरण अडले, तर त्याला सूट, नफा, वजन यांचा वेश द्यावा. आणि दोन उदाहरणे शेजारी ठेवून ‘यांत सारखे काय?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

उच्च शिक्षणातही हेच सूत्र लागू पडते. सी.ए.च्या अभ्यासक्रमात परीक्षांइतकीच आर्टिकलशिप अनिवार्य ठेवली आहे, कारण पुस्तकातील नियम आणि खऱ्या खातेवह्या यांची भेट तेथे घडते. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना महिन्यातून एकदा दुकानाचा ताळेबंद किंवा जी.एस.टी.चे विवरणपत्र सोबत घेऊन बसवले, तर घरातच त्या भेटीची सुरुवात होते. यात मुलींना मागे ठेवण्याचे कारण नाही. गल्ल्यावरचा अनुभव त्यांना बहुधा कमीच मिळतो.

गल्ल्यावर चमकणारा मुलगा शाळेसाठी नालायक ठरत नाही आणि परीक्षेत पहिला येणारा व्यवहारासाठी अपात्र ठरत नाही. निर्णय देण्यापूर्वी पहिल्याच्या हाती पेन्सिल द्यावी, दुसऱ्याच्या हाती तराजू द्यावा आणि काही महिने दोघांच्या शेजारी बसावे.