कॉर्सेटचं साहित्य: कापड, पोलाद आणि देवमाशाचा जबडा

कॉर्सेटसाठी कापड घेताना आधी रंग पाहू नये, ते उरेब धरून दोन्ही हातांनी ओढून पाहावं. तिरपं ओढल्यावर सैलावणारं कापड कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवावं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कॉर्सेट शिवणाऱ्यांनी यासाठी कूटील हे सुती कापड पसंत केलं. दाट धाग्यांचं, हेरिंगबोन विणीचं हे कापड आजही पहिल्या पसंतीचं आहे, कारण ते कंबरेवरचा ताण सोसतं आणि आकार देणारी आतली पट्टी त्यातून सहजासहजी बाहेर डोकावत नाही. आपल्या नेहमीच्या कापडबाजारात कूटील मिळणं अवघड. त्याऐवजी घट्ट विणीचं सुती ड्रिल दुहेरी घेतलं तर पहिल्या कॉर्सेटचं काम भागतं. मात्र कापण्याआधी ते भिजवून, खळ काढून, इस्त्री करून घ्यायलाच हवं. शिवल्यानंतर आटलेल्या कॉर्सेटला दुरुस्ती नाही.

कॉर्सेट म्हटलं की श्वास कोंडलेली, मूर्च्छा येणारी व्हिक्टोरियन बाई आपल्या डोळ्यांपुढे येते. पण शिवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर हे वस्त्र किती आवळता येईल आणि किती टिकेल हे आधी साहित्याने ठरवलं, फॅशन त्यामागून आली. नाडी ओवायची भोकं पूर्वी हाताने काजासारखी शिवत. जोरात ओढलं की ती फाटत. 1820च्या दशकात धातूची आयलेट आली आणि पहिल्यांदाच नाडी हवी तितकी ताणणं शक्य झालं. पुढच्या बाजूला पूर्वी लाकडाची, शिंगाची किंवा हस्तिदंताची एकसंध पट्टी सरकवत. तिला बस्क म्हणतात. देवमाशांच्या शिकारीवर गेलेले खलाशी फावल्या वेळात असे बस्क कोरून बायकोसाठी किंवा प्रेयसीसाठी घरी आणत. 1829 साली जाँ-ज्युलियाँ जोसेलँ या फ्रेंच माणसाने दोन भागांत उघडणाऱ्या बस्कचं पेटंट घेतलं: एका पोलादी पट्टीवर खुंट्या, दुसरीवर त्या अडकवायच्या खाचा. तो शतकाच्या मध्यापर्यंत रुळला आणि मागची नाडी पूर्ण न सोडता बाईला आपलं कॉर्सेट आपणच घालता-काढता येऊ लागलं.

सगळ्यात अस्वस्थ करणारा इतिहास आहे तो आतल्या पट्ट्यांचा, म्हणजेच व्हेलबोनचा. व्हेलबोन म्हणजे देवमाशाच्या वरच्या जबड्यातून लोंबणारी, समुद्राच्या पाण्यातून बारीक जीव गाळून घेणारी चाळणी. ती केराटिनची असते, आपल्या नखांसारखीच. बोहेड जातीच्या देवमाशात तिची एकेक पट्टी चार मीटरपर्यंत वाढते. शिवणकामाला याहून सोयीचा पदार्थ मिळणं कठीण. चाकूने उभी चिरता येते, हवी तितकी पातळ करता येते, उष्णतेने मऊ होते आणि अंगाच्या उबेने हळूहळू शरीराचा आकार घेते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या 1603च्या अंत्यविधीसाठी केलेल्या प्रतिकृतीची चोळी जपून ठेवलेली आहे, तिच्यातही व्हेलबोनच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आलं आणि देवमाशाच्या तेलाची किंमत उतरली. खरं तर शिकार तिथेच ओसरायला हवी होती. पण कॉर्सेटच्या मागणीने अमेरिकन जहाजं आर्क्टिकच्या बर्फात जातच राहिली. शेवटच्या दशकांत तर कित्येकदा तोंडातल्या पट्ट्या तेवढ्या कापून घेत आणि उरलेलं अवाढव्य धूड समुद्रात सोडून देत. कंबरेला बाक देण्यासाठी एक अख्खा जीव वाया घालवण्याचं समर्थन मला कोणत्याही अंगाने करता येत नाही.

पर्यायही त्याच काळात निघाले. कनेटिकटमधल्या वॉर्नर या डॉक्टर बंधूंनी मेक्सिकोतल्या घायपाताच्या जातीच्या वनस्पतीचे तंतू वापरून ‘कोरलाइन’ काढलं. मिशिगनच्या एडवर्ड वॉरनने 1883 मध्ये टर्कीच्या पिसांच्या दांड्यांपासून ‘फेदरबोन’ बनवलं. इंग्लंडमधल्या मार्केट हार्बरोच्या सिमिंग्टन कारखान्याने 1890च्या सुमारास ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचं स्वस्त कॉर्सेट विकलं, तेही घरकाम करणाऱ्या मुलींसाठी. दिवसभर वाकून फरशी पुसणारी बाईही हे वस्त्र घालत होती, हे आपण सहसा विसरतो. पुढे पोलादी स्प्रिंग सर्रास झाली, 1907च्या सुमारास व्हेलबोनचा बाजार कोसळला आणि त्यासोबत आर्क्टिकमधली ती शिकारही आटोपली.

आज घरी शिवणाऱ्यापुढे तीन पर्याय आहेत. पोलादाची सपाट पट्टी एकाच दिशेने वाकते, म्हणून ती मागच्या आयलेटच्या दोन्ही बाजूंना हवी. सर्पिल पोलाद, म्हणजे वेटोळी दाबून चपटी केलेली तार, दोन्ही दिशांना वळते, म्हणून ते कुशीवरच्या वळणदार शिवणींत घालावं. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत कापलेलं टोक उघडं ठेवलं तर गंज कापडावर उतरतो, म्हणून टोकाला टोपी बसवल्याशिवाय पट्टी आत सारू नये. तिसरा पर्याय कृत्रिम व्हेलबोन. प्लास्टिकच्या या पट्ट्या जर्मनीत बनतात आणि जुन्या व्हेलबोनच्या सगळ्यात जवळ जातात. हे काही हाताशी नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातले रुंद, जाड केबल टाय घ्यावेत. परदेशातले अनेक अनुभवी शिवणकारही ते बिनदिक्कत वापरतात.

बाकी सामान थोडं आहे. कंबरेच्या रेषेवर आतून लावायला न ताणणारी सुती फीत, मजबूत धागा, सहाएक मीटर नाडी, आणि मागे वॉशर असलेली दोन भागांची आयलेट. भोक मात्र पंचने पाडू नये. चांभाराच्या आरीने धागे बाजूला सारून पाडावं, म्हणजे धागे तुटत नाहीत आणि आयलेट निसटत नाही.

नमुन्यासाठी नोरा वॉ यांचं 1954चं ‘कॉर्सेट्स अँड क्रिनोलाइन्स’ किंवा जिल सालेन यांचं 2008चं पुस्तक पाहावं. दोन्हींत जुन्या कॉर्सेटचे नमुने आहेत.

खरेदीला मात्र क्रम आहे. आधी नमुना ठरवा आणि त्याच्या लांबीचा बस्क घ्या. मग मांजरपाटाचं कच्चं कॉर्सेट शिवून, नाडी ओवून, ते घालून खुर्चीत बसून पाहा. बसताना काखेत किंवा मांडीवर टोचलं तर नमुना तिथेच दुरुस्त करा. त्यानंतर चांगलं कापड कापा. पट्ट्या सगळ्यात शेवटी मागवा, कारण पट्टीसाठी शिवलेली खाच मोजल्याशिवाय त्यांची खरी लांबी कळत नाही.