आज औषध ठेवायलोय, मांजरं आत घ्या

सकाळचे साडेसात. ऊन अजून माळवदांच्या कडेवरच आहे. लिंबागणेशच्या भालचंद्राच्या देवळात घंटा वाजते आहे आणि पायरीवर एक पिवळी-पांढरी मांजर बसली आहे, पुढचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन. दर्शनाला येणारे तिला वळसा घालून वर जातात. शापातून सुटण्यासाठी चंद्राने इथे तप केलं, अशी या क्षेत्राची कथा. इथलं तीर्थही त्याच्याच नावाचं, चंद्रपुष्करिणी. चतुर्थीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आज आडवार आहे. अख्खी पायरी मांजरीला मिळाली आहे.

नारळ-फुलांची पाटी घेऊन बसलेल्या मावशी सांगतात, "देवळाची न्हाई ती. मागच्या गल्लीतली हाय. ऊन चढलं की आपल्याआपण घरी जाती." मग त्याच दमात रस्त्याकडे हात करतात. "तिकडं मात्र जाऊ नाही बाई."

तिकडे म्हणजे मांजरसुंबा–पाटोदा रस्ता. ट्रक, एसटी, जीपगाड्या. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रेलर. मांजर रस्त्यात रेंगाळत नाही. कडेला दबून बसतं आणि एकदम झेप घेतं. रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपले की आहे तिथेच थिजतं. रस्त्यालगतच्या घरांनी यावर एक साधी गोष्ट केली आहे. मांजराची ताटली मागच्या दारी ठेवली आहे. भाकरीचा कुस्करा मागे मिळतो, दुधाचा थेंब मागे मिळतो. पुढच्या दाराला काही मिळत नाही.

गल्लीत शिरलं की उजेड कमी होतो. एका बाजूला जुनी माळवदाची घरं, दुसऱ्या बाजूला नवे पत्रे. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं सवणं हे मांजराचं खासगी दार. तिथून उतरायचं, कणगीवर यायचं, कणगीवरून जमिनीवर. दाराला कुलूप असलं तरी मांजराचं काही अडत नाही. इथल्या मांजराला कुणी घरात कोंडून वाढवत नाही, वाढवता येणारही नाही. घरात उंदीर, घराबाहेर उंदीर, आणि मांजर ठेवलंय ते त्यासाठीच.

ओट्यावर एक आजी बसल्या आहेत. मांडीवर करडी मांजर. तिच्या गळ्यात घुंगरू बांधायचं आहे. नातू नायलॉनची दोरी आणून देतो. आजी ती बाजूला टाकतात. त्यांना शिवायचा सुती दोरा हवा आहे, एकेरी. दोरा दोन्ही हातांत धरून त्या झटका देतात. तुटतो. "हां, असा पायजे." बाभळीच्या काट्यात, शेताच्या तारेत गळ्यातलं अडकलं की मांजर मागे ओढ घेतं. दोरा तुटला तर मांजर वाचतं. दोरा टिकला तर फास बसतो. आजी दुसरा तुकडा घेतात, घुंगरू ओवतात, गाठ मारतात आणि दोऱ्याखालून दोन बोटं सरकवून पाहतात. मांजर मान झटकतं. छन्न.

घुंगराचा उपयोग पाखरांनाही आहे. नायगावचं मयूर अभयारण्य इथून फार लांब नाही. 1994 सालचं, जवळपास 30 चौरस किलोमीटरचं. लांडोर पावसाळ्यात जमिनीवरच अंडी घालते, तिची पिलं पहिले दिवस गवतातच फिरतात. शिवारातल्या तितरांचंही तसंच. घुंगराने सगळी पाखरं वाचतात असं नाही, पण उडायला एक क्षण मिळतो.

"तुमचीच का ही मांजर?" या प्रश्नावर आजी समोरच्या घराकडे पाहतात. "त्यांची. कोयत्यावर गेल्ते. आत्ता आले." दसरा-दिवाळीच्या सुमाराला गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं ऊसतोडीला बाहेर पडतात. बैल जातात, शेळ्या जातात, लहान लेकरं जातात. मांजर नेता येत नाही. ते माणसापेक्षा जागेला जास्त चिकटलेलं असतं. फडावर नेलं तर पाचटात हरवतं. म्हणून किल्लीसारखी मांजरही शेजारी सोपवून जायची. पाच-सहा महिने ती समोरच्या ओट्यावर जेवते आणि आपल्याच बंद घराच्या सवण्यातून आत जाऊन निजते. मांजर एका घराचं आणि जबाबदारी दोन घरांची, हे इथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. मला या गल्लीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

दहा वाजतात. जनावरांच्या दवाखान्यापुढे लिंबाच्या सावलीत गर्दी आहे. एक बैल खोड्यात उभा. तीन शेळ्या, एक गाभण म्हैस, मान टाकलेलं वासरू. शेणाचा आणि औषधाचा मिळून एक वास. या सगळ्यांत एक दहा-बारा वर्षांची मुलगी आईबरोबर उकिडवी बसली आहे. पुढ्यात दुरडी, तिच्यावर पालथी दुसरी दुरडी, सुतळीने आवळलेली. आतून लांबलचक ओरडणं येतं. शेळ्या कान टवकारतात. मुलगी दुरडीवर ओला पंचा टाकते. ओरडणं कमी होतं. अंधार झाला की मांजर निवतं, हे तिला ठाऊक आहे.

थांबणं चालूच राहतं. सावली सरकते, तशी रांगही सरकते. म्हशीला वेळ लागतो.

नंबर येतो तेव्हा मांजर लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं जातं. चारही पाय आत, फक्त तोंड बाहेर. डॉक्टर सुई टोचतात. मांजराला कळेपर्यंत झालेलंही असतं. रेबीजची लस. तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढे वर्षाच्या वर्षाला. मोकाट कुत्रं आणि गल्लीतलं मांजर यांची गाठ कधी ना कधी पडतेच, आणि पिसाळलेलं मांजर चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी माणसाला धोका तोच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच माणसांच्या दवाखान्यात जायचं. डॉक्टर हे आईला सांगतात आणि मुलीकडून परत म्हणवून घेतात.

"अंग गरम लागायलंय हिचं," आई म्हणते. "रात्री तापाची अर्धी गोळी द्यावा म्हणलं."

डॉक्टरांचा हात थांबतो. "दिली का?"

"न्हाई."

"देऊ नका. कधीच नाही." मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, 38 ते 39 अंश सेल्सिअस. हाताला ताप वाटतो, ताप नसतो. माणसाची पॅरासिटामोलची गोळी मांजराच्या यकृताला पेलत नाही. अर्ध्या गोळीनेही जीव जातो.

आई मग हळूच दुसरं विचारते. ही पुन्हा गाभण राहिली तर? मांजराचे दिवस 63 ते 65. वर्षात दोनदा, कधी तीनदा विते. ऑपरेशन करून घ्या, डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांची झाली की करता येतं. बोक्याचं केलं तर आणखी बरं. मग तो चार गल्ल्या ओलांडून भांडायला जात नाही, फाटका कान आणि पिकलेली जखम घेऊन परत येत नाही. आई मान हलवते. ऑपरेशनासाठी बीडला न्यावं लागेल, एक रोज बुडेल. तिचा हिशोब चेहऱ्यावर दिसतो. मी त्या हिशोबाला नावं ठेवणार नाही.

दुपारचे साडेबारा. पारा चाळिशीच्या पुढे गेला आहे. पत्र्यावर हात ठेवता येत नाही, मग मांजराच्या पंजाचं काय होत असेल. गल्ली रिकामी. दारादारांत निळे ड्रम उभे आहेत. या भागात पाणी रोजचं नाही, म्हणून साठवण मोठी. भरलेल्या ड्रमवर झाकण असतं. धोका अर्धा रिकामा झालेल्या उघड्या ड्रमचा. तहानलेलं मांजर काठावर चढतं, वाकतं, आत पडतं. प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीला नखं लागत नाहीत. एका ड्रममध्ये मी डोकावतो. आत बारदानाची एक पट्टी लोंबते आहे, वरच्या टोकाला दगड बांधून बाहेर सोडलेली. पट्टीला मध्ये मध्ये गाठी. पलीकडच्या हौदात तिरकी फळी टेकवलेली आहे. तिच्यावर ओल्या पंजांचे ठसे नाहीत. पण फळी आहे.

प्रत्येक ओट्याखाली मातीचं परळ, पाण्याने भरलेलं. तहान दारात भागली की कुणी विहिरीच्या कठड्यावर जात नाही. कठडा नसलेल्या विहिरी गावाबाहेर आहेतच. तिथे मांजर पडलं तर दोराला टोपली बांधून सोडतात. आणि मागे सरकतात. माणूस वर दिसतोय तोवर मांजर टोपलीत बसत नाही.

मांजरं आत्ता कुठे आहेत? खाली वाकून पाहायचं. एक बैलगाडीच्या साट्याखाली. एक मोरीच्या ओल्या फरशीवर आडवी. एक उभ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लागून. ट्रॅक्टरवाला येतो, चढण्याआधी बोनेटवर दोन थापा मारतो, चाकाला एक लाथ. थांबतो. मांजर आळस देत बाहेर येते. थंडीत तर गरम इंजिनाच्या उबेला आतच जाऊन बसतात, तो सांगतो. मग किल्ली फिरते.

चार वाजता कडबाकुट्टीचा आवाज सुरू होतो. घर्र, घर्र. ज्वारीचा कडबा, नुकती रचलेली गंजी. काकू पेंढी उचलतात, पण सरळ यंत्राच्या तोंडात देत नाहीत. आधी जमिनीवर आपटतात, फाकवतात, आत हात घालतात. मग देतात. प्रत्येक पेंढी. काम दुपटीने रेंगाळतं. यंत्रावरचा मुलगा कुरकुरतो. काकू बटण बंद करायला लावतात आणि गंजीच्या मागे नेऊन दाखवतात. चार पिलं, डोळे नुकते उघडलेले, एकमेकांच्या अंगावर पडलेली. कालपर्यंत ती तिसऱ्या घराच्या माळ्यावर होती. मांजर पिलांना सात घरं दाखवतं म्हणतात. बोका पिलं मारतो म्हणून आई जागा बदलत राहते, आणि यातलं पुढचं घर कोणतं असेल हे तिच्याखेरीज कुणाला माहीत नसतं. मुलगा पिलांना हात लावायला वाकतो. काकू त्याचं मनगट धरतात. "राहू दे. गंजीची ती बाजू आज सोड."

वर पिंपळात खसफस होते. वानरं. काकू वर पाहतात. माजलगावकडच्या लवूळचं त्यांच्या लक्षात आहे. 2021 च्या डिसेंबरात तिथे वानरं कुत्र्याची पिलं उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती. शेवटी दोन वानरं पकडून नेली, तेव्हा गाव निवांत झालं. काकू गंजीच्या तोंडाशी एक पाटी उभी करतात. आई मांजरीला जाता येईल एवढी फट ठेवतात.

दिवेलागण व्हायला आली आहे. गल्लीच्या टोकाशी धान्याची खोली असलेला एक भाऊ घरोघर फिरतो आहे. प्रत्येक दारात तेच वाक्य. "आज औषध ठेवायलोय, मांजरं आत घ्या."

दुकानात उंदरांची दोन औषधं मिळतात, तो सांगतो. एक रंगीत वडी. ती खाल्लेला उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, रक्त गोठायचं थांबून. तोवर तो सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि मांजराच्या तोंडी आयता लागतो. असे उंदीर खात राहिलं की मांजरालाही तेच होतं. दुसरी काळी भुकटी, झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लात गेली की तिचा विषारी वायू होतो. त्याला उतारा नाही, पण काम एका रात्रीत संपतं. वडी ठेवायची तर मांजरं चार दिवस कोंडावी लागतील, आणि ती कोंडली जात नाहीत. एक रात्र जमतं. म्हणून त्याने भुकटी निवडली आहे. दोन दिवस नुसता भरडा ठेवून उंदरांना सवय लावली आहे. आज भरड्यात औषध. ते पाईपच्या तुकड्यांत, जिथे मांजराचं डोकं शिरणार नाही.

"आन खाल्लंच तर? दूध पाजावं का?" कुणीतरी विचारतं.

"दूध न्हाई, तूप न्हाई, तेल न्हाई," भाऊ म्हणतो. "चिकटपणानं इख लवकर भिनतं. सरळ दवाखाना."

हाका सुरू होतात. मने, मने, मने. च्यु च्यु. ताटलीवर चमचा वाजतो. एकेका दाराची कडी लागते. आजी फडक्याच्या बोळ्याने सवणं बुजवायला नातवाला वर चढवतात. गंजीपुढची पाटी काकू मायलेकरांसह घरात नेतात, पिलं ओच्यात. शेवटच्या घरातला काळा बोका तेवढा आलेला नाही.

भाऊ खिशात पुडी घेऊन ओट्यावर बसतो. "थांबतो की. त्याच्यात काय."

पोरं बॅटऱ्या घेऊन निघतात. एक मोरीकडे, एक गंजीकडे, एक माळवदावर. कुत्री भुंकतात. बायका दारातून जागा सुचवतात. चिंचेवर बघा. तात्याच्या गोठ्यात बघा. अर्धा तास जातो. भाऊ उठत नाही. मग वरून आरोळी येते, "घावला! पान्याच्या टाकीमागं!" आणि पाठोपाठ, "वरबाडलं रे!"

आजी साबण आणि तांब्या घेऊन आधीच बाहेर आल्या आहेत. पोराचा हात पाण्याखाली धरला जातो. पंधरा मिनिटं, कुणीतरी घड्याळ लावतं. उद्या सकाळी त्याला सुईला न्यायचं, हे तिथेच ठरतं. भाऊ पुडी घेऊन खोलीकडे वळतो. पहाटे पाचला तो मेलेले उंदीर मोजून उचलणार, उरलेला भरडा त्यांच्याबरोबर खोल पुरणार आणि दारं वाजवत येणार. तोवर कुणी कडी काढायची नाही.