श्वाननिद्रेचें प्रायश्चित्त

विद्यार्थ्याचीं पांच लक्षणें सांगणारें जें सुभाषित आहे, त्यांतील श्वाननिद्रेचा आम्हीं जन्मभर मोठा गौरव केला. संस्कृत शिकवितांना परीक्षा जवळ आली कीं आम्ही वर्गांत हटकून विचारीत असूं, “आज पहाटे चारला कोणाच्या घरीं दिवा लागला होता?” ज्याचा हात वर होई त्याची पाठ थोपटावी, व जो आठ तास निजे त्यास कुंभकर्ण ही पदवी द्यावी, असा आमचा परिपाठ होता. आज साठी उलटल्यावर त्या पदवीदानाचा आम्हांस पश्चात्ताप होत आहे. त्याचें कारण वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

गेल्या हिवाळ्यांत आम्हांस सकाळीं डोकें दुखण्याचा व जिना चढतांना छातींत धडधडण्याचा त्रास होऊं लागला. आमच्या निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. तेव्हां दोष आम्हीं थंडीस दिला. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, तो बराच चढलेला. त्यांनीं विचारलें, “रात्रीं झोंप कशी लागते?” आम्ही हंसून म्हणालों, “उत्तम! उशीस डोकें टेकतांच घोरूं लागतों.” तोंच मागें उभें असलेलें आमचें कुटुंब हळूच बोललें, “घोरतां घोरतां ह्यांचा श्वास मध्येंच थांबतो. मी अंक मोजीत बसतें, आणि फार वेळ झाला कीं हालवितें.” आमच्या घोरण्यावर घरांत वर्षानुवर्षें विनोद चालत आले होते, त्या विनोदांमागें एक मनुष्य रात्रभर जागें असे, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें.

नाशिकास एक रात्र तपासणी झाली, आणि निद्रेंत श्वास अडण्याचा विकार ठरला. या विकारांत घशाचे सैल पडलेले स्नायु वाट अडवितात व श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ बंद पडतो. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू घाबरून शरीरास किंचित् जागें करतो, नाडी व रक्तदाब एकदम उसळतात. मनुष्यास याची आठवणही राहत नाहीं. पण एका रात्रींत हें शेंकडों वेळां घडूं शकतें. हृदयास विसांवा मिळावयाचा, त्याच वेळीं त्यास चाबूक बसतो.

निरोगी मनुष्याचा रक्तदाब झोंपेंत दिवसाच्या मानानें शेंकडा १० ते २० नीं उतरतो व नाडीही मंद होते. दिवसाकांठीं सुमारें एक लक्ष ठोके देणाऱ्या इंद्रियाची ही रोजची सुटी होय. ती बुडत गेली तर रक्तदाब चढा राहण्याकडे कल होतो, मधुमेह व स्थूलता यांस वाट मिळते, आणि रक्तवाहिन्या कालांतरानें कठीण होतात. स्वीडन देशांत वसंतऋतूंत घड्याळें एक तास पुढें करतात. त्यानंतरच्या आठवड्यांत हृदयविकाराचे झटके शेंकडा सुमारें ५ नीं वाढतात, असें २००८ सालीं तेथील संशोधकांनीं दाखविलें. अमेरिकेंतील हृदयरोग संस्थेनें २०२२ सालीं हृदयरक्षणाच्या नियमांत झोंपेची नव्यानें भर घातली. प्रौढ मनुष्यास ७ ते ९ तास झोंप लागते, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस ८ ते १०! म्हणजे आमचे कुंभकर्ण शास्त्रास धरूनच निजत होते.

चरकाचार्यांनीं तर आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार मानून निद्रेस मधलें स्थान दिलें आहे. हें आम्हीं वाचलें होतें. वर्गांत मात्र कधीं सांगितलें नाहीं.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं आमच्या निफाडास झाला, आणि १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. साठी पुरी होण्यापूर्वींच तो उद्योगी देह पडला. एका मृत्यूस एकच कारण चिकटविणें योग्य नव्हे. पण पट्टा दंडास बांधून रक्तदाब मोजण्याचें साधन इटलींत रिवा-रोची यांनीं १८९६ सालीं काढलें. रानड्यांच्या पिढीस तें बहुधा लाभलेंच नाहीं. आपणांस तें घरबसल्या मिळतें, आणि तरी आपण घोरण्यास गाढ झोंपेचें लक्षण समजतों!

परवां एक जुना विद्यार्थी भेटला. द्राक्षबाग करतो. शेतीपंपाची वीज रात्रीं येते त्या आठवड्यांत तो पाणी भरण्यास जागतो. थंडी फार पडली तर बागेंत शेकोट्या पेटवितो. डोळे तांबारलेले. आम्हीं काळजी दाखवितांच म्हणाला, “गुरुजी, पहाटे उठण्याची संवय तुम्हींच लाविलीत.” तो गौरवानें बोलला, आमच्या मात्र तें जिव्हारीं लागलें. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं रात्र जागून काढलीस तर दुसरे दिवशीं दार लावून ती झोंप भरून काढ, आणि वर्षांतून एकदां तरी रक्तदाब पाहून घे.

वाचकांसही आमचें तेंच सांगणें. निजण्याची व उठण्याची वेळ ठरलेली असावी. सायंकाळनंतर चहा-कॉफी नको. अंथरुणांत मोबाईल नको. झोंपेच्या गोळ्या स्वतःच्या मतानें घेऊं नयेत. घरांत कोणी मोठ्यानें घोरत असेल, मध्येंच श्वास थांबत असेल, किंवा दिवसा बसल्या जागीं डुलक्या घेत असेल, तर हंसूं नका, डॉक्टरांकडे न्या.

आम्ही आतां नाकास वायुदाबाचें यंत्र लावून निजतों. सकाळचें डोकें दुखणें थांबलें. रक्तदाबाचें औषध मात्र चालूच आहे. आणि कित्येक वर्षांनीं आमच्या घरीं रात्रीं अंक मोजणें बंद झालें आहे.