साठवणीतल्या गोष्टी, भाग ९ : शून्य बाइटची फाइल पुसू नका

गेल्या आठवड्यात आपण आयनोडपर्यंत आलो होतो. फाइलचा मालक कोण, आकार केवढा, शेवटचा बदल कधी झाला, ही ठरावीक माहिती तिथे असते. पण एखाद्या प्रोग्रामला याखेरीज स्वतःचं काही टिपून ठेवायचं असेल तर? लिनक्समध्ये त्यासाठी फाइलला नाव आणि मूल्य अशा जोड्या चिकटवता येतात. त्यांना एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात; कामावर सगळे एक्स-अ‍ॅटर म्हणतात, आपणही तेच म्हणू. नाव २५५ बाइटपर्यंत, मूल्य ६४ किलोबाइटपर्यंत. नावाच्या आधी यूजर, ट्रस्टेड, सिक्युरिटी किंवा सिस्टम यांपैकी एक गट लिहावा लागतो. ट्रस्टेड गटातलं सामान्य यूजरला दिसतच नाही, आणि आजची सगळी गोष्ट त्याच गटातली आहे.

घरच्या लॅपटॉपवर एक्स-अ‍ॅटरशी कुणाचा फारसा संबंध येत नाही. अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून एकच साठवण करणाऱ्या ग्लस्टरएफएसमध्ये मात्र त्यांच्यावाचून पान हलत नाही. ते बनवणारी, आनंद बाबू पेरियासामी यांनी उभी केलेली ग्लस्टर ही कंपनी रेड हॅटने २०११ मध्ये १३.६ कोटी डॉलरला विकत घेतली. कुठली फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे याची नोंद ठेवायला हडूपच्या एचडीएफएससारख्या सिस्टममध्ये एक वेगळा सर्व्हर असतो. ग्लस्टरने तो ठेवलाच नाही. नोंदी गेल्या फाइली आणि फोल्डरांच्या एक्स-अ‍ॅटरमध्ये. कल्पना देखणी आहे; पण तिचा ताप शेवटी अ‍ॅडमिनच्या डोक्याला झाला, असं माझं मत.

ग्लस्टरमध्ये ब्रिक म्हणजे एखाद्या सर्व्हरवरचा साधं फोल्डर, बहुधा एक्सएफएसवरचं; अशा ब्रिका जोडून एक व्हॉल्यूम बनतो. वापरणाऱ्याला दिसणारं प्रत्येक फोल्डर सगळ्या ब्रिकांवर असतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या एक्स-अ‍ॅटरमध्ये आकड्यांचा एक पट्टा लिहिलेला असतो. फाइलच्या नावावरून ३२ बिटांचा एक आकडा काढायचा. तो ज्या ब्रिकच्या पट्ट्यात पडेल तिथे फाइल जाते. कुणाला विचारायला नको.

आता फाइलचं नाव बदललं तर? आकडा बदलतो, पण तेवढ्यासाठी शंभर जीबीची फाइल दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं परवडणार नाही. म्हणून नव्या आकड्याच्या ब्रिकवर शून्य बाइटची एक फाइल तयार होते आणि खरी फाइल कुठे आहे ते तिच्या एक्स-अ‍ॅटरमध्ये लिहिलं जातं. ब्रिकवर फाइलींची यादी काढली, की परवानग्यांच्या जागी नऊ आडव्या रेघा आणि शेवटी टी अशी ती दिसते. डिस्क भरत आल्यावर सफाईला बसलेल्या माणसाला हा कचराच वाटतो. ती पुसली, तर ग्लस्टरला खरी फाइल ब्रिकोब्रिकी शोधत फिरावं लागतं. शोध आवरता ठेवणारी सेटिंग चालू असेल, तर फाइल जागच्या जागी असूनही ‘सापडत नाही’ असं उत्तर येऊ शकतं.

ग्लस्टरला एका फाइलच्या अनेक प्रतीही ठेवता येतात; त्यांचा हिशोबही असाच चालतो. एका फाइलच्या तीन प्रती तीन ब्रिकांवर आहेत असं धरा. किराणा दुकानदार माल हातात देण्याआधी वहीत उधारी टिपतो, तसं ग्लस्टर लिहिण्याआधी प्रत्येक ब्रिकवर ‘काम चालू’ अशी खूण करतं. तिन्हीकडे लिहून झालं की खूण पुसली जाते. मधेच दुसरा सर्व्हर बंद पडला, तर उरलेले दोघे त्याच्या नावावर बाकी लिहून ठेवतात. ही बाकी म्हणजे सोळाच्या पायावरचे चोवीस अंक. पहिले आठ मजकुरासाठी, मधले आठ मालक-परवानग्यांसारख्या माहितीसाठी, शेवटचे आठ फोल्डरमधल्या नोंदींसाठी. सगळी शून्यं म्हणजे बाकी नाही. आणि हो, ब्रिकांची मोजदाद शून्यापासून होते; ‘क्लायंट-१’ म्हणजे दुसरी ब्रिक. बंद सर्व्हर परत आला की दुरुस्तीची सेवा या बाक्या वाचते आणि मागे राहिलेली प्रत पुरी करते.

दोनच प्रती असतील आणि आळीपाळीने एकेक सर्व्हर बंद पडत गेला, तर दोघांच्याही वहीत समोरच्याच्या नावावर बाकी राहते. खरं कोण, हे मग ग्लस्टर ठरवत नाही. फाइल उघडायला गेलं की सरळ इनपुट-आउटपुट एरर येते. हाच स्प्लिट-ब्रेन. कुठली प्रत खरी मानायची ते माणसाने सांगावं लागतं: मोठी, नंतर बदललेली, की अमुक ब्रिकवरची. यावरचा एक उपाय मला फार आवडतो. तिसरी ब्रिक आर्बिटर म्हणून जोडायची. तिच्यावर फाइली असतात, पण सगळ्या रिकाम्या. असतात ती फक्त नावं आणि एक्स-अ‍ॅटर. तिसऱ्या प्रतीच्या डिस्कचा खर्च वाचतो आणि भांडण सोडवणारा साक्षीदारही मिळतो.

घोळ होतो तो डिस्क बदलताना. ब्रिकवरचा डेटा आरसिंकने नुसतं ‘-ए’ लावून हलवला तर फाइली येतात, एक्स-अ‍ॅटर मागे राहतात. त्यासाठी मोठा एक्स वेगळा लावावा लागतो. याच्या उलटही होतं. जुनं ब्रिक-फोल्डर रिकामं करून नव्या व्हॉल्यूमला द्यायला गेलं, की ग्लस्टर म्हणतं, हा तर आधीच एका व्हॉल्यूमचा भाग आहे. आतल्या फाइली गेलेल्या असतात, पण व्हॉल्यूमची ओळख खुद्द फोल्डरला चिकटलेली असते. ती सेटफॅटर या कमांडने काढावी लागते, जीएफआयडी हा ग्लस्टरने फोल्डरला दिलेला ओळख-क्रमांकही काढावा लागतो आणि ग्लस्टरएफएस नावाचं लपलेलं फोल्डर उरलं असेल तर तेही. हे सगळं पाहायचं तर रूट होऊन थेट ब्रिकवर गेटफॅटर ही कमांड चालवायची. मात्र ‘-एम’ आणि त्यापुढे टिंब दिलं नाही तर ती फक्त यूजर गटच दाखवते आणि माणूस समजतो की इथे काहीच नाही.

एचडीएफएसचा रस्ता अगदी वेगळा. तिथे एक्स-अ‍ॅटर नेमनोडच्या, म्हणजे त्या वेगळ्या नोंदींच्या सर्व्हरच्या, मेमरीत राहतात, म्हणून हात आखडता: मूळ सेटिंगनुसार एका फाइलला ३२, आणि प्रत्येकी १६,३८४ बाइटपर्यंत. सेफएफएस या आणखी एका सिस्टममध्ये तर वेगळे लिहून न ठेवलेले, विचारल्यावर तयार होणारे एक्स-अ‍ॅटरही असतात. फोल्डरच्या पोटात एकूण किती बाइट आहेत, ते एका प्रश्नात कळतं. ते कसं, हे पुढच्या भागात.