वॉच, अलर्ट, वॉर्निंग : प्रत्येक 'इशारा' सारखा नसतो!

मालवण - अरबी समुद्रात वादळाची चाहूल लागली, की 'किनारपट्टीला सतर्कतेचा इशारा' ही ओळ वृत्तवाहिन्यांवर फिरू लागते. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांत मात्र 'वॉच', 'अलर्ट' आणि 'वॉर्निंग' असे तीन वेगळे शब्द असतात. मराठीत येताना तिन्हींचा सरसकट 'इशारा' होतो आणि मच्छीमाराने नेमके काय करायचे, हेच त्यातून निसटते.

हे तीन शब्द मुळातच निराळे आहेत. 'वॉच' हा शब्द जागे होणे या अर्थाच्या 'वेक'चा सख्खा भाऊ. वॉच म्हणजे जागता पहारा. 'अलर्ट' इटालियन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ 'उंचावर, टेहळणीच्या जागी'. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू केले, त्या सिंधुदुर्गाच्या बुरुजावरील पहारेकरी डोळ्यांसमोर आणला, की हा अर्थ उमगतो. 'वॉर्निंग' म्हणजे धोका ओळखून दुसऱ्याला बजावणे.

पाऊस व वाऱ्याच्या नेहमीच्या अंदाजात हवामान खाते हाच क्रम पाळते. पिवळा रंग म्हणजे 'वॉच' - माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे 'अलर्ट' - सज्ज राहा. लाल म्हणजे 'वॉर्निंग' - कृती करा. त्यामुळे सर्वांच्या तोंडी रुळलेला 'यलो अलर्ट' हा शब्दप्रयोग काटेकोर अर्थाने चुकीचाच ठरतो.

चक्रीवादळाच्या वेळी शब्दांचा क्रम तोच राहतो. रंग मात्र बदलतात. सुमारे ७२ तास आधी 'प्री-सायक्लोन वॉच' दिला जातो. किनाऱ्यावरील हवामान बिघडण्याच्या किमान ४८ तास आधी 'अलर्ट' येतो. त्याचा रंग पिवळा. किमान २४ तास आधी 'वॉर्निंग' येते. तिचा रंग नारिंगी. वादळ जमिनीवर धडकण्यापूर्वी किमान १२ तास दिल्या जाणाऱ्या अखेरच्या सूचनेचा रंग लाल. म्हणजे एरवी 'सज्ज राहा' सांगणारा नारिंगी रंग चक्रीवादळात थेट 'वॉर्निंग' ठरतो. केवळ रंग पाहून निर्णय घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कोकणच्या दर्यावर्दींना बंदरावरील बावट्याची भाषा अधिक जवळची आहे. १ ते ११ क्रमांकांच्या या खुणांपैकी पहिल्या दोन दूर समुद्रातील वादळाबद्दल असतात. 'तीन नंबरचा बावटा' लागला, की वादळी वाऱ्याचा धोका बंदरालाच आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शब्दांचा हा घोळ जिवावर बेतू शकतो. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' वादळात कोकणातील मच्छीमारांनी प्राण गमावले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौकाही बुडाल्या. दोन्ही वादळे पावसाळी मासेमारीबंदीच्या काळाबाहेर आली.

खोल समुद्रातून परतायला वेळ लागतो. 'वॉच' ऐकून आकाशवाणीकडे कान लावायचा, 'अलर्ट' मिळताच परतीची वाट धरायची आणि 'वॉर्निंग' येईपर्यंत माणसे नौकेवरून उतरून घरी पोहोचलेली असावीत. डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या किनाऱ्याला हा फरक त्याच्याच भाषेत सांगितला गेला पाहिजे.