सायकलवरून उतरताच पाय जड का होतात?

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. तिन्ही सलग, बूट बदलायला लागणारा वेळही घड्याळात धरला जातो.

हौशी स्पर्धकाची खरी कसोटी सायकल स्टँडला अडकवून हेल्मेटचा पट्टा सोडल्यावर लागते. पहिल्या पावलांना पाय शिशाचे वाटतात.

सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते. पाय फक्त गोल फिरतात. धावताना तेच वजन प्रत्येक पावलाला पायांवर आदळतं. स्नायूंच्या हालचालींचा क्रमच बदलतो आणि ही जुळवाजुळव होईपर्यंत चाल अडखळते.

त्यावरचा सराव म्हणजे ‘ब्रिक’: सायकल संपताच लगेच थोडं धावणं. पहिल्या स्पर्धेआधी तो काही वेळा तरी करून पाहाच.