चित्राशेजारची पट्टी

मुंबईत मधल्या वारी सुट्टी मिळाली तर काळा घोडा गाठावा, पण सोमवारी नको. पलीकडची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट त्या दिवशी बंद असते, आणि जहांगीर आर्ट गॅलरीतली बहुतेक प्रदर्शनं सोमवारी संध्याकाळी सातला संपतात. मंगळवारी अकराला नवीन प्रदर्शनं उघडतात. मधल्या वेळात भिंती उघड्याबोडक्या असतात, आणि खरं काम तेव्हाच चालतं. एका चित्रकार मित्राची तारीख लागली होती म्हणून मला ते बघायला मिळालं. इथल्या तारखेसाठी वर्षं काढावी लागतात. त्यामुळे ती आली की घरात लग्न निघाल्यासारखी धावपळ उडते.

चित्रं आधी जमिनीवर, भिंतीला टेकवून उभी करतात. चित्रकार लांब जाऊन बघतो आणि अदलाबदल सुरू होते. दोन निळी शेजारी आली की एकमेकांना मारतात. दारातून शिरताच दिसणारी जागा सगळ्यात मोलाची. तिथे मित्राने आवडतं चित्र लावलं, काढलं, पुन्हा लावलं. टांगणारे मामा हूक हातात घेऊन शांत उभे. त्यांनी असे चित्रकार पुष्कळ पाहिलेत.

मामांची हत्यारं म्हणजे टेप, पेन्सिल, हातोडी आणि पाणसळ. हिशेब तोंडपाठ. चित्राचा मध्य जमिनीपासून ६० इंचांवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या आसपास, यायला हवा. चित्र ३६ इंच उंच असेल तर त्याचे निम्मे १८. मग मागची तार बोटाने वर ताणायची आणि ती वरच्या कडेपासून किती खाली राहते ते मोजायचं. समजा ४ इंच. साठ अधिक अठरा वजा चार. हूक ७४ इंचांवर. मोठ्या कॅनव्हासला दोन हूक, कारण एकावर टांगलेलं चित्र दोन दिवसांत मान तिरकी करतं. "मामा, डावीकडे जरा वर घ्या," मित्र म्हणाला. मामांनी काही न बोलता पाणसळ फ्रेमवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये होता. वाकडी होती ती चित्रातली क्षितिजरेषा.

सगळ्यात शेवटी लागते ती पट्टी: चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, साल. तळहाताएवढं कागदाचं काम, पण माझ्या मते गॅलरी आणि हस्तकलेचं दुकान यांच्यातला फरक तिथे सुरू होतो.

याच इमारतीचा दाखला घ्या. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती १९५२ साली उभी राहिली. १९६३ साली केकू आणि खोरशेद गांधी यांनी इथल्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी थाटली, आणि १९७५ साली तिथे डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं लागली. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांचं काम पुढे आणलं होतं. तोवर ही चित्रं म्हणजे लग्नघरातलं काम. सवाशिणी शेण-मातीने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, आणि पुढच्या सारवणात तो जाई. तिथे सहीला जागाच नव्हती. मशे कागदावर, कापडावर काढू लागले, चित्राला नाव लागलं. पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

जहांगीरमधून निघालो तो कुलाब्याच्या बाजूला, हस्तकलेच्या दुकानांत. एका दुकानात वारली चित्रांची चवड होती, खाली-वर रचलेली. मागे पट्टी होतीच, पण तिच्यावर किंमत आणि बारकोड. "कोणी काढलंय?" विचारलं, तर उत्तर आलं, "वारलीच आहे, ओरिजिनल." चवडीत दोन-तीन चांगली होती. एकात तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर इतका मोकळा फिरत होता की तो काढणाऱ्याचा हात नक्कीच सरावलेला. ६० इंचांवर एकटं टांगलं असतं तर लोक थांबले असते.

दुकानाची एक गोष्ट मात्र मला गॅलरीपेक्षा आवडते. इथे वस्तू उलटून बघता येते. कोल्हापुरी चप्पल हातात घ्यावी, तळवा वाकवावा, कड निरखावी. हाताने केलेली अस्सल जोडी चामड्याच्याच वादीने शिवलेली असते; खिळा नसतो. टाके मशीनसारखे एकसारखे नसतात, आणि तीच खूण. वरच्या पट्ट्यावरची वेणी चामड्याच्या बारीक पट्ट्यांची. ती सैल पडली तर चार महिन्यांत उसवते, म्हणून नखाने दाबून बघावी. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार, असे आठ जिल्हे आहेत. नकली मालाविरुद्ध तेवढा आधार झाला हे चांगलंच. पण पट्टीवर जिल्हा आला म्हणजे माणूस आला असं नाही.

मी हातातल्या जोडीची वेणी दाखवून दुकानदाराला विचारलं, ही कोण घालतं?

"बायका घालतात, घरी बसून," तो शिडीवर चढता चढता म्हणाला. "नंबर किती तुमचा?"